कमरेचा व्रण आणि नरक्याचं झाड

त्वचेच्या कर्करोगावरून सोलापुरातल्या भवानी पेठेत एका घरात वाद रंगावा, याचं सोलापूरकरालाही नवल वाटेल. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो, माणसं उन्हात राबतात, तरी हा आजार आपल्याकडे कमीच. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन सूर्याची अतिनील किरणं बऱ्यापैकी अडवतं. त्यामुळे भारतातल्या एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के भरतो. ऑस्ट्रेलियात मात्र सत्तरी गाठेपर्यंत दर तिघांतल्या दोघांना त्वचेचा कुठला ना कुठला कर्करोग होतो. साहजिकच या आजारावरचं बहुतेक संशोधन गोऱ्या कातडीच्या देशांत आणि गोऱ्या कातडीसाठी होतं. वादाचं मूळ तिथेच आहे.

वाद घालणारी दोघं एकाच घरातली. आत्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाची परिचारिका होती. तिचं आयुष्य जखमा धुण्यात आणि ड्रेसिंग करण्यात गेलं. भाचा पुण्यात एम. फार्म. करतो. औषध सापडून भागत नाही, ते नेमक्या जागी पोचवावं लागतं, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. सुट्टीला तो घरी आला की शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटावर दोघांचे आवाज चढतात. भांडण नव्हे ते. पण माघारही कोणी घेत नाही.

"ऑपरेशन नको, टाके नकोत. गाठीत सुई टोचायची आणि घरी जायचं," भाच्याने सुरुवात केली.

तो बोलत होता ते प्रयोग अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले. जैवअभियंते मार्क सॉल्ट्झमन आणि त्वचारोगतज्ज्ञ मायकेल गिरार्डी यांच्या गटाने 2021 साली ते प्रसिद्ध केले. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. माणसाचा केस साधारण 80,000 ते 1,00,000 नॅनोमीटर जाड असतो. या गटाने काही नॅनोमीटरांच्या नव्हे, पण केसापुढे नगण्य अशा मापाचे कण बनवले, त्यांत कर्करोगाचं औषध भरलं आणि ते थेट उंदरांच्या त्वचेवरल्या गाठीत टोचले. कणांचा गाभा पॉलिलॅक्टिक आम्लाचा, म्हणजे शस्त्रक्रियेत वापरतात त्या आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्याच्या कुळातला. बाहेरचं आवरण मात्र मुद्दाम चिकट केलेलं. शेतातून येताना लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटतात तसे हे कण पेशींच्या पृष्ठभागावरल्या प्रथिनांना धरून बसतात. साधे कण गाठीतून निसटून जातात; हे तिथेच राहून औषध सावकाश सोडत राहिले. त्याच्या जोडीला प्रतिकारशक्ती चेतवणारा घटक दिला तेव्हा परिणाम आणखी वाढला.

"उंदरावर," आत्या म्हणाली.

"सगळं आधी उंदरावरच होतं, आत्या."

"होय की. पण उंदराच्या पाठीवर मुद्दाम वाढवलेली गाठ आणि चाळीस वर्षं दोरी घासून झालेला व्रण, ही दोन वेगळी दुखणी आहेत. माझ्या टेबलावर दुसरी यायची."

आत्या सांगते त्या व्रणाचा इतिहास मोठा आहे आणि त्याचा धागा मराठी माणसाच्याच हातात सुरू होतो. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाणारे वसंत रामजी खानोलकर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात होते. 1945 साली त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी भारतीय सवयींतून उद्भवणाऱ्या तीन कर्करोगांवर एक लेख लिहिला. त्यांतला एक धोतराचा कर्करोग. कंबरेला एकाच जागी वर्षानुवर्षं घट्ट आवळलेलं धोतर कातडीला काचतं. तिथला रंग उडतो, कातडी जाड होते, चिरते, भरते, पुन्हा चिरते आणि शेवटी न भरणारा व्रण उरतो. पुढे साडी नेसणाऱ्या बायकांमध्येही तेच आढळलं. नोव्हेंबर 2024 मध्ये वर्ध्याचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारमधलं मधुबनी वैद्यकीय महाविद्यालय इथल्या डॉक्टरांनी अशा दोन रुग्णांची हकीकत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दिली. एक बाई सत्तर वर्षांची. परकराची नाडी जिथे बांधायची, तिथे उजव्या कुशीत दीड वर्ष न भरलेला व्रण. दुसरी साठीच्या शेवटाला आलेली. चाळीस वर्षं परकराशिवाय घट्ट लुगडं नेसणारी. तिचा व्रण दोन वर्षांचा होता आणि निदान होईपर्यंत कर्करोग जांघेतल्या लसिका ग्रंथीत पोचला होता.

साड्या आणि चादरी विणणाऱ्या शहरात ही हकीकत वाचताना अंगावर काटा येतो. दीड वर्ष, दोन वर्षं. या काळात त्या बायकांनी हळद लावली असेल, तेल लावलं असेल, दुकानातून मलम आणलं असेल. व्रण अशा जागी की नवऱ्यालाही दिसू नये. दाखवायचा तर साडी सोडावी लागते, आणि साठी ओलांडलेली बाई पुरुष डॉक्टरांपुढे ती सहज सोडत नाही.

"मला तुझ्या कणांचं वावडं नाही," आत्या म्हणाली. "पण कण टोचायला बाई आधी दवाखान्यात तर यायला पाहिजे. ती येते तेव्हा जांघेत गाठ झालेली असते. मग तुझी सुई नुसत्या व्रणात टोचून काय उपयोग?"

भाचा गप्प बसणाऱ्यातला नाही. "ती उशिरा का येते, ते पण सांग. कापतील म्हणून येत नाही. ऑपरेशन म्हटलं की पोरं पैशाचा हिशोब करतात, ती स्वतः मरणाचा. सुईवर भागतं हे कळलं तर ती सहा महिने आधी येईल."

या मुद्द्यात वजन आहे. उपचाराचं रूप बदललं की रुग्णाची पावलं लवकर वळतात, हे खुद्द आत्यानेच अनेक आजारांत पाहिलेलं आहे. पण भाच्याच्या बोलण्यात एक गृहीतही दडलं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया मोफत होतात आणि 2023 मध्ये या योजनेची मर्यादा कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. तरीही बाई येत नाही. म्हणजे अडसर फक्त सुरीचा किंवा पैशाचा नाही. आपल्या कंबरेवरचा चट्टा कर्करोग असू शकतो, हेच तिला कोणी सांगितलेलं नसतं.

मग भाच्याने झाडाची गोष्ट काढली. ती त्याची आवडती, आणि आवडावी अशीच आहे.

येलच्या कणांत भरलेल्या औषधाचं नाव कॅम्प्टोथेसिन. ते 1966 साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. वाणी आपल्या नंदुरबारचे. 1925 चा जन्म, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून अमेरिकेला गेलेले. याच जोडीने 1971 मध्ये पॅक्लिटॅक्सेल या औषधाची रचना जगापुढे मांडली. कर्करोगाच्या वॉर्डात ते आज रोज लागतं. 1972 मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवून दिलं की कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही आहे, तेही भरपूर. त्यानंतर नरक्याच्या वाट्याला जे आलं ते क्लेशकारक आहे: कोकण आणि पश्चिम घाटाच्या जंगलांतून त्याची इतकी चोरटी तोड झाली की ते झाडच धोक्यात आलं.

"आणि एवढं करून औषध वाया जात होतं," भाचा सांगत होता. "पाण्यात विरघळत नाही. विरघळेल असं करून 1970 च्या सुमारास माणसांना दिलं, तर मूत्राशयातून रक्त यायला लागलं. प्रयोग थांबवावे लागले. शिवाय रक्तात गेलं की त्याच्या रेणूतलं एक कडं उघडतं आणि औषध निकामी होतं. म्हणजे गुण आहे, पण जागेवर पोचेपर्यंत टिकत नाही. कणात कोंडलं की कडं शाबूत राहतं, आणि बाकीच्या शरीरालाही त्याची झळ लागत नाही. नंदुरबारच्या माणसानं शोधलेलं, सह्याद्रीत उगवणारं औषध साठ वर्षं अशा डब्याची वाट पाहत होतं."

मधल्या काळात या औषधाची रासायनिक भावंडं तयार झाली. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन 1996 पासून अमेरिकेत वापरात आहेत. भाच्याच्या जोरदार वाक्यात तेवढी दुरुस्ती हवी. मूळ औषधाबद्दल मात्र तो बरोबर आहे.

आत्याचा पुढचा प्रश्न एखाद्या परीक्षकाने विचारावा असा होता. "शिरेतून दिलेले कण गाठीपर्यंत पोचतात किती?"

याचं उत्तर भाच्याला ठाऊक होतं आणि ते त्याने लपवलं नाही. 2016 साली दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण होतं 0.7 टक्के. शंभरातला एकही नाही. बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहेत अडकतात. कर्करोगाच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यांतून कण आपोआप आत झिरपतील, ही 1980 च्या दशकापासूनची आशा होती. माणसांत ती मोठ्या प्रमाणावर फोल ठरली.

"बघ," आत्या म्हणाली.

"बघतोय. पण म्हणूनच त्वचा! पोटातल्या गाठीला शिरेतून जावं लागतं. त्वचेवरची गाठ डोळ्यांसमोर आहे. तिच्यात थेट टोचता येतं. आणि तुझ्या कंबरेच्या व्रणाला तर हेच लागू पडेल, कारण जुन्या व्रणाच्या, भाजल्याच्या कातडीत रक्तवाहिन्या कमी असतात. तिथे शिरेतून दिलेलं साधं औषधसुद्धा नीट पोचत नाही."

इथे आत्या पहिल्यांदा विचारात पडली. जुन्या व्रणातून किंवा भाजल्याच्या डागातून उद्भवणाऱ्या कर्करोगाला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांनी अशा व्रणांचं वर्णन 1828 मध्ये केलं. साडीचा कर्करोग त्याच जातीचा. स्टोव्हचा भडका, चुलीवरचं आधण, पायावर सांडलेलं उकळतं तेल, आणि मग वीस-तीस वर्षांनी त्याच डागात फुटलेली न भरणारी जखम. आपल्याकडचा त्वचेचा कर्करोग बऱ्याचदा असा येतो. त्या डागाळलेल्या ऊतींत रक्ताचा आणि लसिकेचा प्रवाह तुटपुंजा असतो, प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथे कमी फिरकतात. सूर्यामुळे होणाऱ्या कर्करोगासाठी बनवलेलं औषध इथे तसंच चालेल, असं धरून चालता येत नाही. उलट, थेट टोचण्याचा मार्ग इथे जास्त उपयोगी ठरण्याची शक्यता आहे. भाच्याचा हा मुद्दा सगळ्या वादातला सर्वांत भक्कम मुद्दा म्हणावा लागेल.

काही कण दवाखान्यांत केव्हाच पोचलेले आहेत. डॉक्सोरुबिसिन हे औषध शंभरेक नॅनोमीटरच्या चरबीच्या पिशवीत भरून बनवलेलं डॉक्सिल 1995 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि ते ज्या आजारासाठी मंजूर झालं तो एड्सच्या रुग्णांच्या त्वचेवर जांभळे चट्टे उठवणारा कापोसी सार्कोमा होता. 2012 मध्ये तिकडे डॉक्सिलचा तुटवडा पडला तेव्हा मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स आयात करायला अमेरिकेने परवानगी दिली. युरोपात 2011 पासून अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचं एक जेल वापरतात. त्यातले थेंब नॅनो मापाचे असल्याने ते कातडीच्या बाहेरच्या मृत थरातून आत उतरतं. मग लाल प्रकाश टाकला की रोगट पेशी आपल्याच आत साठलेल्या रसायनाने मरतात. 2017 मध्ये तिथे त्वचेच्या बेसल पेशींच्या कर्करोगासाठीही त्याला मान्यता मिळाली. आयआयटी मुंबईत रोहित श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेने सोन्याचा मुलामा दिलेल्या चरबीच्या पिशव्या बनवल्या. लेसरने त्या तापतात आणि गाठीला आतून भाजतात. उंदरांवरचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले.

"प्रकाशाचं काळ्या कातडीत काय होतं?" आत्याने विचारलं. "मेलॅनिनच तो पिऊन टाकत असेल."

"म्हणून जवळचा अवरक्त प्रकाश घेतात. तो मेलॅनिनमध्ये कमी शोषला जातो. पण कमी म्हणजे शून्य नाही," भाच्याने कबूल केलं.

आत्याला कणांची ताकद ठाऊक नाही, असं कोणी समजू नये. 2021 च्या मे-जूनमध्ये कोरोनानंतरचा काळ्या बुरशीचा आजार महाराष्ट्रात पसरला, तेव्हा तिने दोन्ही औषधं हाताळली होती. साधं ॲम्फोटेरिसिन दिलं की रुग्ण थंडीने कुडकुडायचा, मूत्रपिंडाचे आकडे बिघडायचे. तेच औषध लायपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या नॅनो पिशवीत भरलेलं असलं की रुग्णाला ते बऱ्यापैकी सोसवायचं. आणि त्याच औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक शहरं पालथी घालत होते. एकेका कुपीला हजारो रुपये, आणि एका रुग्णाला लागणाऱ्या कुप्या कितीतरी. वर्ध्यातल्या एका कंपनीने ॲम्फोटेरिसिनचं इमल्शन इंजेक्शन त्याच वर्षी 1,200 रुपयांना देऊ केलं, याची तेव्हा बातमी झाली, यावरूनच टंचाईची कल्पना यावी.

"कण चांगलेच होते रे. पण मिळायचे नाहीत," ती म्हणाली. "तुझा कण पुण्यात बनेल. अक्कलकोटच्या बाईला कधी मिळेल, ते सांग."

याला उत्तर म्हणून भाच्याने बार्शी काढली, आणि आत्याला तिच्याच मैदानात गाठलं.

बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय ही सोलापूर जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये तिथे सुरू झाली. नोंदणीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन बायकांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणं समजावली आणि काही वर्षांत रुग्ण आधीच्या टप्प्यावर येऊ लागले. 1995 च्या एका शोधनिबंधात हे नोंदलेलं आहे. आत्या वर्षानुवर्षं हेच उदाहरण देत आली. सांगा, दाखवा, लवकर ओळखा.

"आणि 2009 चं?" भाच्याने विचारलं.

त्याच रुग्णालयाचे डॉ. भगवान नेने आणि टाटा स्मारक केंद्राचे डॉक्टर यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, 1,31,746 बायकांवर तपासण्यांची तुलना केली. आठेक वर्षांनी निकाल आला तो असा: एचपीव्ही विषाणूची यंत्रावरची एकच तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी बघण्याच्या स्वस्त पद्धतीने तिथे मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

"म्हणजे महागडी, प्रयोगशाळेतली गोष्ट गावात चालली, आणि साधी चालली नाही. तुझ्याच बार्शीच्या डॉक्टरांचा निकाल."

"मुंबईच्या वस्त्यांत तीच साधी पद्धत चालली," आत्या ताडकन म्हणाली. तेही खरं आहे. टाटा स्मारकच्या दीड लाख बायकांच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या तपासणीमुळे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. एकदा बघून जाणं आणि परत परत येऊन बघणं यांत फरक पडतो. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान होती: कोणीतरी बाईच्या दारापर्यंत गेलं होतं. यंत्राचा नमुनासुद्धा गावातूनच गोळा झाला.

मग वाद नेमक्या प्रश्नावर आला. कण वापरायचे तर कुणावर?

आत्याने कंबर आधी बाजूला काढली. कंबरेची कातडी सैल असते, रोगट भाग मोकळ्या हाताने कापून कडा जुळवता येतात. शिवाय कापलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो. कडेला रोग उरला की नाही ते कळतं. टोचलेल्या गाठीत काय उरलं, ते असं हातात येत नाही. वेळेवर आलेल्या बाईची शस्त्रक्रिया हाच तिथे उत्तम उपचार, आणि त्याआधी परकराला नाडीऐवजी रुंद पट्टी, गाठ रोज थोडी वर-खाली, कंबरेवरचा पांढरट डाग दिसला की सैल बांधणं. भाच्याने हे मान्य केलं.

"पापणी?" त्याने विचारलं.

"पापणी दिली तुला. नाकाचा शेंडा पण दिला. हृदय अधू असलेला, भूल सोसणार नाही असा म्हातारा, तो पण दिला."

"आणि गुडघ्यामागचा भाजल्याचा व्रण? नडगीवरचा?"

या जागांवर ओढून घ्यायला कातडी नसते. रोग खोल हाडापर्यंत गेला तर पायच काढावा लागतो. मागावर उभं राहून पोट भरणाऱ्याचा पाय. तळपायाचं तसंच: सावळ्या लोकांना मेलॅनोमा हा रंगपेशींचा कर्करोग झाला तर तो बऱ्याचदा तळवा, तळहात किंवा नखाखाली होतो, आणि काट्याचं जुनं कुरूप म्हणून तो महिनोन्महिने अंगावर काढला जातो. पण मेलॅनोमा लवकर पसरतो. तिथे नुसत्या गाठीत टोचून भागेल असं भाचाही म्हणत नाही. त्याचा आग्रह डागातल्या व्रणापुरता आहे.

"मग उंदराच्या पाठीवर आधी डाग पाड, भाजल्याचा. त्यात गाठ वाढव आणि तिथे तुझे कण टिकतात का ते बघ," आत्या म्हणाली. "कोवळ्या कातडीतल्या गाठीचे आकडे मला नको दाखवू. आणि माणसांवर चाचणी होईल तेव्हा पाय काढायचा सल्ला मिळालेले, लसिका ग्रंथीत अजून रोग न गेलेले रुग्ण घ्या. जांघेतल्या ग्रंथी दर खेपेला हाताने चाचपा, सोनोग्राफी करा. पाय वाचला का, आणि दोन वर्षांनी माणूस आहे का, हे दोन्ही लिहा."

"चाचणीसाठी असे रुग्ण मिळणार कुठून? ते तर गावोगाव विखुरलेले आहेत."

"आशाताईंना सांगायचं. सहा आठवड्यांत न भरलेली जखम दिसली की कळव म्हणायचं. तुझ्या कणाला रुग्ण लागतात, माझ्या रुग्णाला लवकर येणं लागतं. काम एकच आहे."

भाच्याने वही उघडली आणि पहिला प्रश्न विचारला तो कणांचा नव्हता: ड्रेसिंगला येणाऱ्या जुन्या जखमांपैकी बायॉप्सी किती जणांची होते? आत्याने सांगितलं, ज्याची जखम डॉक्टरांना वेगळी वाटली त्याचीच, आणि वेगळी वाटायला ती आधी पूर्ण उघडून बघावी लागते.